शालनवहिनींच्या आधी

चहावर साय धरली तरी चालेल, पण शालनवहिनींनी कप उचलल्याशिवाय कुणी कपाला हात लावायचा नाही. हा नियम फौजेच्या कुठल्याही पुस्तकात नाही. कुठल्या साहेबाने तो काढलेला नाही. तरी दिल्ली कँटोन्मेंटमधल्या क्वार्टर्सच्या त्या दोन लाइनींत, जिथे फील्डला, सरहद्दीवर गेलेल्या मराठी जवानांची बायकामुलं राहतात, तो असा कडक पाळला जातो की परेडच्या मैदानावर तरी तसा पाळत असतील की नाही, कोण जाणे.

शालनवहिनी म्हणजे सुभेदार दत्तात्रय साळोख्यांच्या पत्नी. नवरा सुभेदार म्हणून बायको सुभेदारीण, नवरा हवालदार म्हणून बायको हवालदारीण. नवऱ्याच्या खांद्यावरच्या फिती बायकांच्या पदरावर आपोआप येऊन बसतात, आणि त्या कुणाला दिसत नसल्या तरी सगळ्यांना मोजता येतात. हळदीकुंकवाला पहिलं बोट शालनवहिनींना. फोटोत मधली खुर्ची त्यांची. कुटुंबांसाठी दर महिन्याला होणाऱ्या वेल्फेअरच्या मीटिंगला पहिली ओळ त्यांची, आणि शंका विचारायची तर पहिली शंकासुद्धा त्यांची. बाई स्वभावाने वाईट नाहीत. हा मान त्यांनी कधी मागितला नव्हता. आयता ताटात वाढून आला आणि त्यांनी तो खाल्ला, इतकंच.

विजयमाला चौगुलेचं कोडं असं, की ती जगात कुणाला भीत नसे आणि या कपापुढे मात्र हात मांडीवर ठेवून बसे.

ती कागलकडची. बारावी झाली आणि कृष्णात चौगुलेशी लग्न झालं. पोरगी मांडीवर घेऊन दिल्लीला आली तेव्हा तिला हिंदीची चार वाक्यं येत होती, त्यातली दोन चुकीची. ती हिंदी शिकली भांडून. सदर बाजारच्या भाजीवाल्याशी, बसच्या कंडक्टरशी, गॅसचा सिलिंडर अर्धा भरून आणणाऱ्याशी. धौला कुआँच्या थांब्यावर एकदा एका माणसाने तिला ओलांडून रांगेत पुढे घुसायचा प्रयत्न केला, तर तिने त्याची कॉलर मागून धरली आणि म्हणाली, "भाईसाब, पीछे मेरी सास खडी है क्या? तो उनके पीछे जाओ." तिची सासू तेव्हा कागलला होती, पण माणूस मागे गेला. अशी ही बाई. कृष्णात सुट्टीवर आला की बरोबर सुट्टीवर आलेले जवान त्याला म्हणत, "चौगुले, तू फील्डलाच सुखी आहेस यार."

तिची मुलगी रिंकू. शाळेतलं नाव स्वप्नाली, पण ते फक्त हजेरीपुरतं. चौदा पूर्ण झालेलं, पंधरावं चालू. उंच, हडकुळी, दिल्लीतच वाढलेली. घरात मराठी बोलते, पण अर्धे शब्द वाटेत सांडून. 'चुलती' म्हणजे कोण, हे तिला अजून दरवेळी सांगावं लागतं.

आणि चुलतीचा विषय विजयमालेच्या मनातून कधी गेलाच नव्हता. तिच्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. अंगावरून जातंय, जातंय, असं ती दोन वर्षं विहिरीवर बायकांच्या कानात सांगत होती आणि बायका तिला उपास सांगत होत्या. घरातल्या पुरुषांना सांगायची लाज. डॉक्टरला दाखवायची त्याहून मोठी लाज. शेवटी कोल्हापूरला नेली तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. तेराव्याला आलेल्या पाहुण्यांना घरच्यांनी सांगितलं, पोटाचं दुखणं होतं. बाई मेली, तरी तिच्या आजाराचं नाव कुणी उच्चारलं नाही. विजयमाला तेव्हा रिंकूएवढी होती. तिला रडूबिडू फारसं आलं नाही. तिला राग आला, आणि तो पुढे मुरलेल्या लोणच्यासारखा तिच्यात राहिला.

म्हणून त्या एप्रिलमध्ये वेल्फेअरच्या मीटिंगला डॉक्टर क्षिप्रा आल्या आणि त्यांनी त्या कॅन्सरचं नाव सगळ्यांसमोर, मराठीत, खणखणीत आवाजात घेतलं, तेव्हा विजयमाला खुर्चीच्या कडेवर सरकून बसली.

क्षिप्राबाई तरुण. मयूर विहारहून मेट्रोने यायच्या, पाठीवर कॉलेजच्या पोरीसारखी सॅक. त्यांनी साधं सांगितलं. एक विषाणू असतो. तो फार सर्रास असतो, पुढे नवऱ्याकडून बायकोला, बायकोकडून नवऱ्याला जातो, त्यात चांगल्या चालीचं वाईट चालीचं काही नसतं. बहुतेकांच्या अंगातून तो आपसूक निघून जातो. काहींच्यात ठाण मांडतो आणि वीस-पंचवीस वर्षांनी कॅन्सर होतो. त्यावर लस आहे, ती विषाणू अंगात शिरायच्या आधी द्यायची, म्हणून मुलींना या वयात. दंड दुखेल, एखादीला ताप येईल. मूल होण्या-न होण्याशी तिचा काही संबंध नाही. शनिवारी इथेच शिबिर आहे. चौदा पूर्ण झालेल्या आणि पंधरा पूर्ण न झालेल्या मुलींना फुकट.

"कुणाला काही शंका?" त्यांनी विचारलं.

दोन लाइनींतल्या बायका शालनवहिनींकडे बघू लागल्या. शालनवहिनी बॅगेत चष्म्याचं घर शोधत होत्या. त्यांना शंका नव्हती, म्हणून कुणालाच नव्हती.

"सगळ्यांना समजलं ना?" क्षिप्राबाई जरा गोंधळल्या.

"हो, हो, बिल्कुल," बायका एका सुरात म्हणाल्या. मग शालनवहिनींनी कप उचलला आणि गार झालेला चहा सगळ्यांनी प्यायला.

त्या संध्याकाळी कृष्णातचा फोन लागला. वर डोंगरावरून आवाज तुटत तुटत येत असे. विजयमालेने त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "चांगलं आहे की. सुभेदारसाहेबांच्या घरचे काय म्हणतात?"

"त्यांचा काय संबंध?"

"नाही, आपलं विचारून घे. मोठे आहेत ते."

"तिथं बंदूक चालवताना पण विचारता काय हो सुभेदारसाहेबांना?"

"विचारूनच चालवतो की," कृष्णात म्हणाला, आणि खरोखरच तसं होतं.

शनिवारी सकाळी वेल्फेअर सेंटरच्या व्हरांड्यात मुली आणि आया हजर. या वयात बसणाऱ्या मुली लाइनींत होत्याच दहा-बारा, त्या सगळ्या आल्या होत्या. म्हणजे नको असं कुणाचंच नव्हतं, हे ध्यानात ठेवावं. वैभवी आपल्या सानिकाला घेऊन आली होती. वैभवी विजयमालेच्या भिंतीपलीकडची, गरीब गाय, साखर मागायला आली तरी आधी दोनदा माफी मागायची. सानिकाचा वाढदिवस दुसऱ्या दिवशी, रविवारी होता, म्हणून ती तर घाईतच होती. म्हणाली, "बरं झालं गं, आजच शिबिर आहे. उद्या असतं तर चुकलंच असतं."

दार उघडलं. आत टेबल, पांढरी चादर, बर्फाचा डबा, नर्सबाई. नर्सबाईंनी हाक दिली, "आइए, पहले कौन आएगा?"

कुणी हललं नाही.

"आइए ना."

विजयमालेने रिंकूचा हात धरला आणि एक पाऊल टाकलं. मागून मोरेवहिनींचा आवाज आला. मोरेवहिनींचा नवराही कृष्णातसारखा हवालदारच, पण त्याच्या चार वर्षं आधीचा. "विजयमाले, घाई काय आहे? मोठ्या वहिनी येऊ देत की."

आणि विजयमाला थांबली. बसथांब्यावर परक्या माणसाची कॉलर धरणारी बाई उंबऱ्यापाशी एक पाय पुढे टाकून थांबली, आणि तो पाय तिने मागे घेतला. का घेतला, हे नंतर ती स्वतःला किती वेळा विचारणार होती. इतक्या वर्षांची सवय डोक्याला नसते, पायाला असते.

शालनवहिनी येईनात. मोरेवहिनींनी फोन लावला, बंद. बायका व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या. ऊन व्हरांड्यात आलं तशा सावली धरून सरकल्या, त्याही क्रमाने. कुणी म्हणालं, आंघोळीला गेल्या असतील. कुणी म्हणालं, पूजेला बसल्या असतील. मुली मोबाइल बघत होत्या. रिंकू म्हणाली, "मम्मी, चलो ना यार, आत कोणीच नाहीये. आपला नंबर पहिला लागेल."

"गप्प बस."

क्षिप्राबाई बाहेर आल्या. "अहो, कुणाला भीती वाटतेय का?"

"नाही, नाही."

"घरून कुणी नको म्हणालंय का?"

"नाही हो मॅडम."

"मग या ना आत."

"येतो की," सगळ्या म्हणाल्या, आणि बसून राहिल्या.

बिचाऱ्या क्षिप्राबाई. त्यांनी अफवांची तयारी केली होती, भीतीची केली होती, नवऱ्यांची केली होती. ज्या बायकांना लस हवीच आहे आणि ज्या आत येत नाहीत, अशा बायकांशी काय बोलायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. दुपारी नर्सबाईंनी बर्फाच्या डब्याचं झाकण लावलं. क्षिप्राबाई जाताना एवढंच म्हणाल्या, "ज्यांना द्यायची असेल त्यांनी सोमवारी सरकारी दवाखान्यात या. मी आहे तिथे सकाळी."

डबा जसा आला तसा परत गेला.

आता इथून खरी मजा सुरू होते, जर तिला मजा म्हणायचं असेल तर. शालनवहिनी आल्या नाहीत, याला काहीतरी कारण असणार. सुभेदाराची बायको उगाच गैरहजर राहील का? दुपारच्या जेवणापर्यंत लाइनीत ठरलं की त्यांना आतली काहीतरी खबर असावी. पाच वाजता दूध आणायला गेलेल्या बायकांनी ठरवलं की खबर वरून आली असणार, म्हणजे साहेबांकडून. दिवेलागणीला मोरेवहिनींच्या ओट्यावर नक्की झालं की त्या सुईने पुढे मूल राहत नाही. डॉक्टरबाईंनी नेमकं हेच नाही म्हणून सांगितलं होतं. पण आपणहून कशाला सांगतील हो, काहीतरी असेल म्हणूनच ना? या तर्कापुढे कुठलाही डॉक्टर टिकणार नाही. जे सांगितलं नाही ते लपवलं, आणि जे सांगितलं तेही लपवण्यासाठीच.

विजयमाला त्या ओट्यावर फार वेळ बसली नाही. घरी येऊन तिने घासलेली भांडी पुन्हा घासली.

रविवारी सकाळी कागलहून सासूबाईंचा फोन आला. म्हातारी कधी घड्याळ बघून फोन करत नाही, पण त्या दिवशी नमस्कारचमत्कारसुद्धा नाही. "माले, पोरीला कसली सुई द्यायला निघालीस म्हणे?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मोऱ्यांची म्हातारी देवळात भेटली. मुलीची जात आहे. उद्या सोयरीक जुळवताना कुणी विचारलं तर काय सांगायचं?"

"कुणी विचारणार नाही, आई. दंडावर सुई टोचली की काय कपाळावर लिहून येतं?"

"मला शिकवू नको. तुमच्या त्या सुभेदारणीनं बघ कसा शहाणपणा केला. सुई टाळायला आपल्या पोरीला पावण्याकडं पाठवून दिली."

विजयमालेच्या हातातली पळी तशीच राहिली. "कुणाच्या पोरीला?"

"सुभेदारणीच्या."

"आई, त्यांना मुलगी नाही. दोन मुलगे आहेत."

म्हातारी म्हणाली, "मग पाठवली कुणाला?"

विजयमालेने फोन ठेवला आणि तशीच ओट्याशी उभी राहिली. दिल्लीहून निघालेली गोष्ट एका रात्रीत कागलला पोचली होती, वाटेत तिने शालनवहिनींना एक मुलगी दिली होती, तिला पाहुण्यांकडे धाडलं होतं, आणि आता ती परत दिल्लीत येऊन विजयमालेच्या स्वयंपाकघरात बसली होती. आणि या सगळ्यात जी गोष्ट आधीपासून सगळ्यांना ठाऊक होती, तिच्याकडे कुणीच, खुद्द तिनेसुद्धा, ढुंकून पाहिलं नव्हतं. शालनवहिनींना मुलगी नाही. मुलींच्या लशीला त्यांनी यायचंच कशाला?

दुपारी शालनवहिनींचं दार उघडलेलं दिसलं, तशी विजयमाला पदर खोचून गेली. आत पलंगावर साड्यांचा ढीग. शालनवहिनी एकेक घडी उलगडून पाहत होत्या.

"ये गं. बघ, ही मोतिया कशी आहे? पुतणीच्या लग्नाला घेतल्या. काल सकाळीच करोल बागला गेले, मग एवढ्या उन्हात कोण परत येतंय, राहिले आर. के. पुरमला वन्संच्याकडे. फोनचं चार्जिंग गेलं ते गेलंच."

"काल शिबिर होतं, वहिनी."

"हो ना. झालं का नीट?"

"नाही झालं."

"का? डॉक्टरबाई आल्या नाहीत?"

"तुम्ही आला नाहीत."

शालनवहिनींनी चष्मा कपाळावर सरकवला. "मी? मी कशाला? मला मुलगी कुठाय?"

"तेच म्हणतेय मी. तुम्हाला मुलगी नाही, आणि तुमची वाट बघत दहा-बारा पोरी दुपारपर्यंत भिंतीला टेकून बसल्या, आणि लस परत गेली."

"अगं पण मी कुठं म्हणाले, थांबा म्हणून?"

"चहाला तरी कुठं म्हणता? तरी आम्ही गारढोण चहा पितोच की नाही? तुम्हाला दिसत नाही ते? दर महिन्याला इतक्या बायका हात मांडीवर घेऊन तुमच्या कपाकडे बघत बसतात, तुम्हाला वाटतं काय, कपावरची फुलं बघतात?"

शालनवहिनींना असं कुणी बोललं नव्हतं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग जरा वेगळाच झाला. म्हणाल्या, "माझ्यावर काय ओरडतेस? मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा मलाही मोठ्या बाईंच्या मागे बसवायचे. मीही गार चहा प्यालेय."

"मग त्याचा सूड आमच्या पोरींवर कशाला?"

शालनवहिनी मोतिया साडीची घडी घालत राहिल्या, चुकीची. मग फोन घेतला, चष्मा डोळ्यांवर आणला आणि लाइनीच्या ग्रुपवर बोलून निरोप टाकला. "मी शालन बोलतेय. मी काल साड्या आणायला गेले होते. दुसरं काही कारण नाही. मला मुलगी नाही. ज्यांना आहे त्यांनी उद्या दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. माझ्यासाठी थांबू नये."

स्वच्छ निरोप. याहून स्वच्छ कुणाला बोलता येणार नाही. पाच मिनिटांत खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. ठीक आहे वहिनी. जी वहिनी. आणि शेवटी मोरेवहिनींचा प्रश्न आला: पण वहिनी, उद्या तुम्ही किती वाजता निघणार?

दोघी त्या फोनकडे बघत राहिल्या.

"बघा," विजयमाला म्हणाली.

सोमवारी सकाळी शालनवहिनी निघाल्या. इस्त्रीची साडी, बॅग, गॉगल. मुलगी नाही, टोचून घ्यायला कुणी नाही, आणि बाई लशीला पुढे चाललेली. तिच्या मागे मोरेवहिनी, त्यांच्यामागे बाकीच्या, आपापल्या मुलींना घेऊन. पण शनिवारच्या निम्म्याच. बाकीच्यांना दोन रात्रींत सासवांनी, नणंदांनी, गावच्या देवळातल्या म्हाताऱ्यांनी गाठलं होतं, आणि त्या आता शालनवहिनींच्याही हाकेबाहेर गेल्या होत्या. अफवेला कुणाच्याच कपाची वाट पाहावी लागत नाही.

वैभवी आली होती. सानिकाच्या हातात आदल्या दिवशीच्या वाढदिवसाच्या नव्या बांगड्या. विजयमालेने त्या पाहिल्या आणि मनात दिवस मोजला. एका दिवसाने काय होतंय, असं तिलाही वाटत होतं.

दवाखान्यातल्या खोलीचं दार उघडं होतं. क्षिप्राबाई आत होत्या, नर्सबाई होत्या, बर्फाचा डबा होता. शालनवहिनी दारापर्यंत गेल्या आणि थबकल्या. आत जाऊन करायचं काय, हे त्यांना कळेना. त्या थांबल्या म्हणून मोरेवहिनी थांबल्या. मोरेवहिनी थांबल्या म्हणून त्यांच्यामागच्या थांबल्या. आणि पुन्हा तेच, परवासारखंच. मघाशी बाकावर जागा मिळवायला भांडणाऱ्या दिल्लीच्या चार बायका आता या शिस्तीकडे तोंड उघडं टाकून बघत होत्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "ये लोग किसका इंतज़ार कर रहे हैं?"

विजयमालेला ते ऐकू आलं. कुणाची वाट बघताहेत हे लोक? परक्या बाईला पडलेला प्रश्न. तिने रिंकूचं मनगट धरलं, मोरेवहिनींना कोपराने बाजूला केलं आणि शालनवहिनींच्या पाठीशी जाऊन म्हणाली, "वहिनी, सरका जरा."

शालनवहिनी सरकल्या. पटकन सरकल्या, जणू कुणीतरी म्हणावं म्हणूनच उभ्या होत्या.

रिंकू खुर्चीवर बसली. बाही वर केली. "मम्मी, तू बघू नको, तुला चक्कर येईल."

"मला येते काय चक्कर?"

"मग माझा हात इतका का दाबतेयस? सुई त्याच्यापेक्षा कमी दुखेल."

सुई गेली, कापूस लागला, झालं. जिच्यासाठी दोन दिवस दोन लाइनी आणि एक आख्खं गाव जागं होतं, ती गोष्ट एवढीशीच होती. चुलतीला कुणी अशी खुर्ची दिली असती, असा पांढरा कापूस, तर काय झालं असतं, हा विचार विजयमालेच्या मनात आला आणि तिने तो तिथेच दाबला, कारण मागे रांग होती.

मोरेवहिनींच्या मुलीचं झालं. मग सानिका. नर्सबाईंनी आधारकार्ड घेतलं, तारीख वाचली, पुन्हा वाचली. "ये तो पंद्रह की हो गई. कल."

"कालच झाली," वैभवी म्हणाली. "फक्त एक दिवस."

क्षिप्राबाई उठून आल्या. त्यांनी कार्ड पाहिलं, सानिकाकडे पाहिलं. म्हणाल्या, "माझ्या हातात असतं तर दिली असती हो. ही मोफतची लस या वयापुढे देता येत नाही. पण लस अजूनही घेता येते, घ्यायलाच हवी. बाहेरून विकत घ्यावी लागेल, आणि या वयापुढे डोसही जास्त लागतात. महाग आहे, पण सोडू नका. मी लिहून देते."

"शनिवारी आलो होतो आम्ही," वैभवी हळूच म्हणाली. "दारापर्यंत."

"माहीत आहे," क्षिप्राबाई म्हणाल्या. बाई चांगल्या, मान खाली घालून चिठ्ठी लिहायला लागल्या.

परतताना बसमध्ये वैभवी खिडकीशी बसली होती. सानिका बांगड्या मागेपुढे करत होती. शालनवहिनी पुढच्या सीटवर बसल्या होत्या, मान न वळवता. वैभवी म्हणाली, "विकतची घ्यावी का गं? बघू. मोठ्या वहिनी काय म्हणतात ते विचारते."

विजयमालेला वाटलं आपण हिला आता धरून हलवावी. जिच्या मागे थांबून पोरीचा नंबर गेला, तिलाच पुन्हा विचारायचं. पण वैभवीचे डोळे भरलेले होते, आणि भरल्या डोळ्यांच्या बाईला हलवता येत नाही. ती एवढंच म्हणाली, "सानिका कुणाची गं? तुझी का वहिनींची?"

पुढच्या सीटवर शालनवहिनींची मान जराशी ताठ झाली. वळली मात्र नाही.

महिन्याची मीटिंग आली. विषय होता कूलरची टाकी आणि डेंग्यू. पहिली ओळ, दुसरी ओळ, सगळं जागच्या जागी. चहा आला. शालनवहिनी शेजारच्या बाईंशी पुतणीच्या लग्नाचं बोलत होत्या, त्यांचा कप टेबलावर. मागच्या ओळींत हात मांडीवर. कपाकपांवर साय धरू लागली.

विजयमाला त्या सायीकडे बघत होती. तिला व्हरांड्यातली सावली आठवली, क्रमाने सरकणारी. नर्सबाईंनी लावलेलं झाकण आठवलं. न आलेल्या निम्म्या मुली आठवल्या. त्यांची नावं तिला माहीत होती, त्यांच्या आया आत्ता इथेच बसल्या होत्या, शहाण्यासारख्या, हात मांडीवर घेऊन.

तिने कप उचलला आणि प्यायली. एक घोट, मग दुसरा. आवाज करून, जसा घरी पितात तसा.

मोरेवहिनींनी डोळे मोठे केले. शालनवहिनी बोलता बोलता थांबल्या आणि मागे वळल्या. त्यांनी विजयमालेच्या कपाकडे पाहिलं, मग आपल्या कपाकडे.

"साखर बरोबर आहे का गं?" त्यांनी विचारलं.

"पिऊन बघा की," विजयमाला म्हणाली. "अजून गरम आहे."

शालनवहिनींनी हात पुढे केला, पण त्याआधीच विजयमालेच्या शेजारी बशी वाजली. वैभवीने कप तोंडाला लावला होता. पहिल्याच घोटाला तिला ठसका लागला, इतका गरम चहा या खोलीत ती कधी प्यायलीच नव्हती. पदराने तोंड पुसत ती विजयमालेकडे झुकली.

"ह्यांच्याशी बोलले काल," ती म्हणाली. "सानिकाला लशीला न्यायचंय. मंगळवारी येशील का बरोबर?"